दगडावर कोरायचं वाक्य

अण्णा, तुझ्या नावाचा दगड साक्कोट्टैच्या रस्त्यावर दगडवाल्याच्या छपराखाली पडून आहे आणि त्याचं काम मी अडवून धरलंय. नाव कोरून झालं. त्याखाली एक वाक्य यायचंय. ते तुमच्या कॉलेजच्या प्रिन्सिपलनी तमिळमध्ये लिहून दिलंय, वहिनीनं पाठ केलंय, आणि मी म्हणते ते खोटं आहे. तू असतास तर म्हणाला असतास, ‘सावे, मेल्यावर तरी भांडूं नको.’ भांडणारच. आपला वाद अर्धा टाकून तू उठून गेलास. असं कुणी जातं का रे?

आज दुपारी मी वहिनीकडे जाऊन आले. काय झालं ते सांगते, पण शेवटी. आधी तुझ्याशी बोलायचंय. हे मी मुद्दाम नागरीत लिहितेय. वहिनी तोंडानं आपलीच, पिढ्यान्‌पिढ्या या तमिळ मुलखात राहिलेली मराठी बोलते, पण वाचते तमिळ. पापनाशमच्या तिच्या माहेरी कुणी तिला नागरी अक्षर दाखवलंच नाही. म्हणून हा कागद घरात कुठेही पडला तरी मला भीती नाही. मला नागरी आली ती पुण्याला शिकायला गेले म्हणून, आणि पुण्याला गेले ती तू बाबांशी भांडलास म्हणून. तिथल्या मुली माझ्या बोलण्याला खोखो हसायच्या. ‘तुझी मराठी पेशवाईतून आली का गं?’ सुट्टीत येऊन तुला रडत सांगितलं, तर तू म्हणालास, ‘पेशवाईच्या आधींची म्हणावं त्यांस. आणि हसूं दे. हसणाऱ्यांस गणित येतं कां, तें पाहा.’ त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली तिथे.

लोक भेटायला येतात आणि तुझी हुशारी सांगतात. मला ऐकवत नाही. मला आठवतं ते तुझं चिडणं. वीज गेली की तू वीज मंडळाला शिव्या द्यायचास त्या तमिळमध्ये, माझ्यावर ओरडायचास ते मराठीत. खोलीत मराठी न कळणारा तिसरा माणूस असला तर त्याला वाटायचं, सर बहिणीशी किती मायेनं बोलतात!

ती खोली. कॉलेजच्या मागच्या अंगाला, पूर्वी मुलं टेबल-टेनिस खेळायची ती. बेंगळूरची प्रयोगशाळा सोडून तू बाबांच्या आजारपणासाठी गावी आलास तेव्हा सगळे हळहळले. मी नाही हळहळले. मला वाटलं, बरं झालं, आता मला कुणीतरी बोलायला मिळेल. शाळेतल्या मुलींना भूमिती शिकवून माझा मेंदू गंजत चालला होता. चार वाजता शाळा सुटली की मी तुझ्या खोलीवर यायची, आणि तू मान वर न करता म्हणायचास, ‘बैस. हें पाहा.’

पहिल्यांदा मला काही कळेना. तांदळाच्या दाण्याहून बारीक असा तो लेझर, त्याचा उजेड डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि तू म्हणतोस फणी, फणी. शेवटी तू वैतागून मला सायकलवर मागे बसवून विणकरांच्या गल्लीत नेलंस. मी चांगली तिशीची बाई, आणि सायकलवर मागे! लोक बघत होते. तिथे मागाजवळ उभं करून म्हणालास, ‘ही फणी पाहा. हिच्या घरांतून एकेक धागा जातो. घरं सारखीं आहेत म्हणून साडी साडी दिसते. आतां माझ्या लेझरच्या करंटास मी भराभर हेलकावे देतों. मग एका रंगाच्या जागीं रंगांच्या ओळी उभ्या राहतात, अशाच, सारख्या अंतरावर. एका टोकाला ओळखीचा रंग, दुसऱ्या टोकाला अनोळखी. मधलीं घरं मोजलीं कीं अनोळखीचा पत्ता लागतो.’

‘मग मोज की,’ मी म्हटलं.

‘फणी अरुंद आहे गं. चार बोटांची. तिच्यावर रुमाल होईल, साडी होणार नाहीं. ती रुंद करायची, आणि घरं विसकटूं द्यायचीं नाहींत.’

मागावरचा म्हातारा आपलं बोलणं कळत नसूनही हसत होता. त्या दिवसापासून मी तुझ्याबरोबर कामाला लागले. तू उजेड बघायचास, मी गणित. नव्वद सालानंतरची ती वर्षं. बाहेरच्या देशात मोठमोठ्या प्रयोगशाळांत लोक याच मागे लागलेले, आणि इथे कुंभकोणमला एक लेक्चरर आणि त्याची तोंडाळ बहीण. तुझा डाव मोठा होता हे मला माहीत होतं. गावी परतलेला माणूस वाया गेला, असं म्हणणाऱ्यांना तुला दाखवायचं होतं. तसं तू कधी बोलला नाहीस. पण बेंगळूरच्या तुझ्या गुरूंचं नाव निघालं की तू चष्मा पुसायला घ्यायचास.

आणि मग ती आयुधपूजा.

वहिनी दरवर्षी यायची. हातात चंदनाची वाटी, कुंकू, केळी, उकडलेल्या चण्यांच्या सुंडलचा डबा. त्या दिवशी कुणी काम करायचं नाही, उपकरणं देवासारखी मांडून ठेवायची, प्रत्येकाला चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. तिनं सगळ्यांना लावलं. मोठ्या वर्णपटाच्या यंत्राला, ऑसिलेटरला, पंख्याच्या बटणाला, माझ्या कपाळाला. लेझरच्या छोट्या डब्यापाशी थांबून विचारलं, ‘हा कुठला?’ तू म्हणालास, ‘तोच मुख्य. त्यास नीट लाव.’ तिनं नीट लावला. वाकून, श्वास धरून, त्या डब्याच्या पुढच्या काचेवर, वरच्या अंगाला. तिला तेच त्याचं कपाळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. नव्या कामाला चांगला दिवस म्हणून तू वहिनीला थांबवून घेतलंस आणि यंत्र चालू केलंस. कागदावर रेघ उमटत गेली, आणि थांबेचना! आपल्या चार बोटांच्या फणीच्या जागी हातभर उजेड पसरला होता. तू पुन्हा लावून पाहिलंस. पुन्हा तेच. तू माझे खांदे धरून मला गदागदा हलवलंस. ‘सावे, रुंद झाली! रुंद झाली!’ वहिनीला काही कळलं नव्हतं, पण तुझं तोंड बघून ती रडायला लागली. मी एवढंच म्हटलं, उजेड थोडा मंदावलाय. तू म्हणालास, लेझर जुना झालाय. पूजेचा ठिपका कुणी पुसत नाही, आपण होऊन झडेल तेव्हा झडेल. आपल्या दोघांच्या डोळ्यांसमोर तो होता रे, रोज. पण तिथल्या सगळ्याच वस्तूंवर होता. कोण बघतो?

पुढचे दिवस काय गेले! प्रिन्सिपलनी सभा घेऊन तुला शाल पांघरली. तमिळ पेपरात चार ओळी आल्या. गुरूंनी बेंगळूरहून फोनवर शाबासकी दिली आणि म्हणाले, माझ्याकडचं मापयंत्र पाठवतो, त्यावर खात्री करून घे, मग जगाला सांगू. वहिनीनं पापनाशमला जाऊन आख्ख्या गल्लीत सांगितलं की विजयादशमीला माझ्या डोळ्यांदेखत झालं. तू त्या दिवसांत गाणं गुणगुणायचास. किती बेसूर गायचास तू, अण्णा. मला आता तेच ऐकू यावंसं वाटतं.

मापयंत्र रेल्वेनं आलं. स्टेशनवरून तू ते ऑटोत मांडीवर घेऊन आणलंस, तान्ह्या मुलासारखं. परीक्षा सोपी होती. फणीची घरं खरोखर बांधलेली असतील तर शेजारच्या दोन ओळींतलं अंतर सतत एकच राहणार, आणि पडद्यावर ते सुईसारखं उभं दिसणार. आपण लावलं. पडद्यावर सुई नव्हती. उकडलेल्या भाताचा ढीग दिसत होता.

तू यंत्राला दोष दिलास. मग तारेला. मग मला. मी म्हटलं, ‘अण्णा, रुंदी आहे, घरं नाहीत. ही फणी नव्हे, गुंता आहे.’ तू म्हणालास, ‘तुला कधीं कांहीं चांगलं पाहवलंय कां?’ लागलं मला ते. अजून लागतं. पण मी उठून गेले नाही. काहीतरी करायचं म्हणून पदराचं टोक भिजवलं आणि सगळ्या काचा पुसत सुटले. तो डबाही पुसला. तू पडद्याकडे पाहत होतास. तू म्हणालास, ‘थांब. काय केलंस?’

सुई उभी होती. आणि दुसऱ्या यंत्रावरची रेघ आक्रसून पुन्हा चार बोटांची झाली होती.

 कोपऱ्यातल्या सरस्वतीपुढची वाळलेली चंदनाची वाटी आणलीस, पाण्याचे थेंब टाकलेस आणि अंगठ्यानं त्याच जागी ठिपका लावलास. भाताचा ढीग. पुसलास. सुई. पुन्हा लावलास. पुन्हा पुसलास. मला ते बघवेना. त्या ठिपक्याच्या कडेवरून किंचित उजेड उलटा लेझरमध्ये शिरत होता आणि लेझर बिथरत होता. आपण ज्याला यश म्हणत होतो ते त्याचं बिथरणं होतं.

मग तू खुर्चीत बसलास, आणि पहिलं वाक्य बोललास ते हे: ‘हें तुझ्या वहिनीस कळतां कामा नये.’

मी म्हटलं, ‘तिचा काय दोष? तिला काय ठाऊक?’

‘दोष नाहींच. मीच म्हटलं, नीट लाव म्हणून. पण तिला कळलं तर ती जन्मभर आपल्याच हातास दोष देईल. तूं तिला ओळखत नाहींस. वचन दे, सावे. कधींच सांगणार नाहींस.’

मी वचन दिलं. दुसरं काय करणार होते? आणि खरं सांगू, त्या घटकेला मला तुझा फार अभिमान वाटला. एवढं सगळं कोसळलं होतं आणि तू विचार करत होतास वहिनीचा. हे मी तुला कधी बोलले नाही. आपल्यात असलं बोलायची रीत नव्हती. आज बोलते.

त्याच दिवशी तू बाजारातल्या एसटीडी बूथवर गेलास. मी बाहेर उभी होते. काचेतून तुझी पाठ दिसत होती. गुरूंना सरळ सांगितलंस, ‘सर, ते चुकीचं होतं. परत फिरलेला उजेड आत जात होता. ते जगाला सांगू नका.’ बाहेर आलास तेव्हा शर्ट घामानं चिकटला होता. तिथून शाल परत करायला प्रिन्सिपलकडे. आणि तिथे काय झालं, तर त्या भल्या माणसाला वाटलं हा तुझा विनय! ‘पेरिय मनसु,’ म्हणाले, मोठं मन, आणि तीच शाल पुन्हा तुला पांघरली. तू रस्त्यात माझ्याकडे बघून हसलास. काय हसलास रे ते. मला घरी जाऊन ताप आला.

कॉलेजात रुंद फणीची ती कथा तशीच राहिली. तू दर वेळी नाही म्हणायचास आणि दर वेळी लोकांना तू आणखी थोर वाटायचास. शेवटी तू हात टेकलेस.

पण आपलं खरं भांडण पुढे सुरू झालं. दुसरा कुणी असता तर त्या डब्याकडे पुन्हा फिरकला नसता. तू म्हणायला लागलास, उजेड परत जाऊन लेझर बिघडतो ना, मग तोच उजेड मोजून, ठराविक अंतरावरून, अगदी थोडा परत पाठवला तर लेझर सांभाळलाही जाईल. फणी रुंदही होईल आणि घरंही राहतील. मी म्हणायची, नाही होणार. तू म्हणायचास, होईल. वर्षानुवर्षं! आरसे बदललेस, अंतरं बदललीस. कॉलेजातले लोक मागे हसायला लागले, सर एकाच डब्यापुढे म्हातारे होणार म्हणून. एकदा मी चिडून म्हटलं, ‘हे भौतिकशास्त्र नाही अण्णा. वहिनीच्या हातून चूक झाली नाही, हे तुला सिद्ध करायचंय.’ तू हातातला आरसा खाली ठेवलास. मग म्हणालास, ‘असेल. म्हणून काय तें खोटं ठरतं?’

मी पुढच्या आरशाचं अंतर मोजायला घेतलं. 

शेवटचा रविवार. तू माझ्याकडे कॉफीला आला होतास. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात, फेस येईतो ओतत बसलास आणि पुन्हा तेच काढलंस. मी म्हटलं, ‘कागदावर मांडून दाखवते की होणार नाही. मग तरी सोडशील?’ तू म्हणालास, ‘मांड. पण खरं मांड. माझी कीव करूं नको आणि माझ्यावर राग काढूं नको.’ जिन्यात उतरताना वर बघून म्हणालास, ‘कॉफी पाणचट होती.’ बस. एवढंच. त्या आठवड्यात तुला दवाखान्यात नेलं आणि तू परत आला नाहीस.

ते गणित मी मांडलेलं नाही. मी बरोबर निघाले तर काय करू? आणि तू बरोबर निघालास तर कुणाकडे धावत येऊ सांगायला? पेन घेऊन बसते, आणि उठते. मला वाद जिंकायचाच नव्हता रे मुळी. मला तो चालू ठेवायचा होता.

तेरावा झाल्यावर प्रिन्सिपल घरी आले. त्या खोलीला तुझं नाव देणार, दारावर दगड बसवणार, म्हणाले. वाक्यही सोबत आणलं होतं: प्रकाशाची सर्वांत रुंद फणी जिथे प्रथम घडली ती ही खोली. वहिनीनं ते हातात घेतलं आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर रक्त आलं. मी पाहिलं ते. आणि तरी बाहेर येऊन मी प्रिन्सिपलना म्हटलं, थांबा. तू एसटीडी बूथच्या काचेमागे उभा होतास ते मला दिसत होतं. तू तोंडानं जे परत घेतलंस, ते तुझ्याच नावाखाली दगडात कोरू द्यायचं? उद्या कुणी शिकलेला मुलगा तो दगड वाचेल, विचारेल, कुठे आहे ती फणी? आणि तुला लबाड म्हणेल. सगळं चालेल मला, हे नाही चालणार.

प्रिन्सिपल म्हणाले, तुमच्या वहिनी हो म्हणाल्यात, त्या नाही म्हणाल्या तरच बदलेन. म्हणजे मला वहिनीकडे जाणं आलं.

आज गेले. वहिनी मधल्या खोलीत जमिनीवर बसली होती. तिनं मला बैस म्हटलं आणि ते वाक्य म्हणून दाखवलं, न चुकता, लहान मुलीनं स्तोत्र म्हणावं तसं. मग म्हणाली, ‘त्यांस काय मिळालं हो वन्सं, आयुष्यांत? एक शाल. आतां एक वाक्य मिळतंय.’

मी म्हटलं, ‘वहिनी, तें वाक्य नको. नाव पुरे.’

‘कां?’

‘तें झालं नव्हतं.’

‘झालं नव्हतं? मीं डोळ्यांनीं पाहिलंय! विजयादशमीस. तुम्ही दोघं लेकरांसारखीं नाचत होतां.’

 ती पुढे सरकली. तिनं माझं मनगट धरलं. ‘कारण सांगा. उगीच नाहीं म्हणूं नका. कारण सांगा.’

अण्णा, कारण माझ्या जिभेवर होतं. एका वाक्याचं काम. तिचा तो हात माझ्या मनगटावर होता, तोच हात. मला तुझा रागसुद्धा आला. खरं बोलायचं तूच शिकवलंस आणि गळ्याभोवती ही शपथ घालून निघून गेलास.

मी म्हटलं, ‘मापायला मी चुकले होते.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘तुम्ही?’

‘होय. मापाचं काम माझं होतं. नसलेली रुंदी मी त्याला दाखवली. पुढं त्याला कळलं.’

‘मग मला कां नाहीं बोलले ते?’

‘माझी नाचक्की होऊं नये म्हणून.’

हे मात्र तिला पटलं. तू तसाच होतास ना! तिनं मनगट सोडलं. प्रिन्सिपलच्या कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि म्हणाली, ‘कोरूं नका म्हणावं. नुसतं नाव असूं दे.’ मला वाटलं, झालं, सुटले. मी उठले.

‘वन्सं,’ तिनं थांबवलं. ‘म्हणजे त्यानंतर एवढीं वर्षं ते त्या खोलींत बसून होते, जेवण सोडून, झोप सोडून, तें तुमची चूक निस्तरीत होते?’

मी दाराला धरून उभी होते.

‘माझ्या माणसाचीं वर्षं तुम्ही खाल्लींत.’

मी होय म्हटलं.